कर्करोगाच्या उपचारानंतर हाता-पायाला सूज: लिम्फेडीमा ओळखायचा, रोखायचा आणि आटोक्यात ठेवायचा कसा

स्तनाच्या कर्करोगाचे उपचार संपले की घरातल्या सगळ्यांनाच सुटल्यासारखं वाटतं. फाइल कपाटात जाते. मग कधीतरी ब्लाउजची एकच बाही घट्ट व्हायला लागते, बांगड्या मनगटावर रुततात, संध्याकाळी हात जड वाटतो. ‘कामानं झालं असेल’ म्हणून चार-सहा महिने निघून जातात आणि दवाखान्यात येईपर्यंत हात डोळ्यांना दिसेल इतका सुजलेला असतो. या सुजेला लिम्फेडीमा म्हणतात. तो वेळेवर धरला तर आटोक्यात राहतो. उशीर झाला तर आयुष्यभर सांभाळावा लागतो आणि त्याचा त्रासही जास्त होतो.

ज्यांचे उपचार नुकतेच सुरू झालेत किंवा संपलेत त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहितो आहे. त्यात दोन गोष्टींवर माझा भर आहे. हात दर महिन्याला टेपनं मोजा. आणि हात जपायचा म्हणजे तो कामाविना ठेवून द्यायचा नाही.

सूज येते कशी

रक्तवाहिन्यांतून थोडं पाणी आणि प्रथिनं सतत बाहेर झिरपत असतात. त्यातलं जे रक्तात परत जात नाही ते पाणी म्हणजे लसिका (लिम्फ). ते गोळा करून आणायचं काम लसिकावाहिन्या करतात. वाटेत लसिका ग्रंथी लागतात. बगलेत, जांघेत आणि मानेत त्या जास्त असतात. कर्करोग आधी याच ग्रंथींमध्ये पसरतो, म्हणून सर्जन बगलेतल्या ग्रंथी काढतात, कधी त्या जागी रेडिएशनही द्यावं लागतं. काळ्या रानातली चर बुजली की पावसाचं पाणी वावरात तुंबतं, तसंच इथे होतं. त्या पाण्यात प्रथिनं असतात. ती तिथेच साचून राहिली की आतला भाग हळूहळू घट्ट होतो, चरबी वाढते, कातडी जाड होते. म्हणूनच लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी ही सूज जात नाही. गोळी पाणी काढते, प्रथिनं तिथेच राहतात.

हा रोग संसर्गजन्य नाही. आपल्याकडे सुजलेला हात किंवा पाय दिसला की लोक ‘हत्तीरोग’ म्हणून मोकळे होतात. हत्तीरोग डासांमधून पसरणाऱ्या जंतांमुळे होतो, त्याची तपासणी आणि औषधं वेगळी आहेत. उपचारानंतर आलेली सूज डासांमुळे नसते आणि ती एकाची दुसऱ्याला लागत नाही. लेकराला कडेवर घ्यायला, एका ताटात जेवायला काहीही हरकत नाही.

धोका कोणाला जास्त

स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारांनंतर साधारण पाचांपैकी एकीला पुढे कधीतरी हाताची सूज येते. बगलेतल्या बऱ्याच ग्रंथी काढल्या असतील तर धोका जास्त. फक्त पहिल्या एक-दोन ग्रंथी तपासून ऑपरेशन थांबवता आलं असेल तर तो बराच कमी, वीसांत एकीच्या आसपास. बगलेला रेडिएशन, वाढलेलं वजन आणि हाताला वारंवार होणारा जंतुसंसर्ग यांनी धोका वाढतो. यातलं वजन आणि जखमा एवढ्याच गोष्टी आपल्या हातात आहेत, म्हणून पुढचं बरंचसं त्यांच्याबद्दल आहे.

सूज बहुतेकींना पहिल्या दोन-तीन वर्षांत येते. पण दहा वर्षांनीही येऊ शकते. ‘आता इतकी वर्षं झाली’ म्हणून मोजणं सोडू नका.

पहिलं पाऊल: ऑपरेशनच्या आधी माप

शिंप्याची टेप घ्या. दोन्ही हातांचं माप पाच ठिकाणी लिहून ठेवा: तळहात (अंगठा सोडून), मनगट, कोपराच्या खाली दहा सेंटिमीटर, कोपराच्या वर दहा सेंटिमीटर आणि दंड बगलेजवळ. कामाचा हात मुळातच थोडा जाड असतो, म्हणून आधीचं माप हवंच. ते नसेल तर नंतर सूज आहे की हात पहिल्यापासून तसाच होता, हे कोणालाच ठरवता येत नाही. ऑपरेशन होऊन गेलं असेल तर आजचं माप घ्या. उशीर झाला म्हणून सोडून देऊ नका.

मग दर महिन्याला एकाच तारखेला, सकाळी उठल्यावर, त्याच जागांवर मोजा. टेप कातडीला टेकली पाहिजे, रुतली नाही पाहिजे. मापणारी व्यक्ती शक्यतो एकच असावी, मुलगी, सून, नवरा कोणीही. आकडे भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरच लिहा, वही हरवते. आधीच्या मापापेक्षा एखाद्या ठिकाणी दोन सेंटिमीटर वाढ दिसली तर डॉक्टरांना दाखवा. एक सेंटिमीटर वाढून तिथेच राहिलं तरी दाखवा, मी तर तेवढ्यावरही थांबणार नाही.

टेपच्याही आधी काही खुणा कळतात: हात जड वाटणं, ओढल्यासारखं वाटणं, अंगठी किंवा घड्याळ रुतणं, बोटांच्या मागच्या शिरा आणि हाडं पुसट होणं. या टप्प्यावर हात उंच ठेवला की सूज सकाळी उतरते. नंतर ती सकाळीही राहते, दाबलं तर खळगा पडतो. आणखी पुढे खळगाही पडत नाही, कातडी चामड्यासारखी होते. पहिल्या टप्प्यावर धरलेली सूज मागे वळू शकते. शेवटच्या टप्प्यावरची सूज कमी करता येते, पण हात पूर्ववत होत नाही.

दुसरं पाऊल: ऑपरेशननंतरचे आठवडे

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसापासून मूठ उघडा-मिटा, कोपर वाकवा, खांदे उचलून सोडा. हात खांद्याच्या वर कधी न्यायचा ते सर्जनना विचारा, जखमेतलं पाणी काढायला लावलेली नळी असेपर्यंत बहुतेक जण थांबायला सांगतात. नळी निघाल्यावर भिंतीवर बोटांनी वर चढत जाण्याचा व्यायाम दिवसातून दोनदा करा. केस विंचरणं, दोरीवर कपडे वाळत घालणं हेही व्यायामच आहेत. या काळात बगलेपासून कोपरापर्यंत दोरीसारखं काहीतरी ताणलेलं लागतं. ते भिण्यासारखं नाही, ताणण्याच्या व्यायामानं हळूहळू सुटतं.

‘हात हलवू नको, टाके उसवतील’ असं घरातले मोठे लोक मायेनं सांगतात. त्यांना डॉक्टरांसमोर बसवा आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा. हलला नाही तर खांदा आखडतो आणि सूजही वाढते, कारण लसिका पुढे ढकलण्याचं काम बऱ्याच अंशी स्नायूंच्या हालचालीनंच होतं.

तिसरं पाऊल: रानात आणि घरात हात कसा सांभाळायचा

इथे मला सर्वांत जास्त सांगायचं आहे. पुस्तकांत लिहिलेली काळजी शहरातल्या, खुर्चीवर बसणाऱ्या बाईसाठी असते. आपल्या भागातल्या बायकांचा हात दिवसभर कापसाच्या बोंडात, सोयाबीनच्या काढणीत, शेणात, चुलीपाशी असतो. ग्रंथी काढलेल्या हातात जंतू शिरले तर त्यांना अडवणारा पहारा कमी झालेला असतो आणि प्रत्येक संसर्गानंतर सूज एक पायरी वर चढते. म्हणून एका ओरखड्यालाही महत्त्व आहे.

कापूस वेचताना सुकलेल्या बोंडाची टोकं नखाच्या कडेला आणि बोटांच्या मागे ओरखडे काढतात. त्या हाताला पातळ सुती हातमोजा घाला. बोटांची टोकं कापून घेतली तरी चालतील, वेचणीचा वेग फारसा जात नाही. साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून रानात जायची सवय आपल्या बायकांना आहेच. ती मुद्दाम पाळा, बाभळीच्या काट्यांपासून आणि उसाच्या पाचटापासून हात वाचतो. खुरपणी करताना खुरपं शक्यतो दुसऱ्या हातात घ्या. जमत नसेल तर त्याच हातानं करा, पण अर्ध्या तासानं उठा, हात डोक्यावर नेऊन मूठ दहा-वीस वेळा उघडा-मिटा आणि मग पुन्हा बसा.

शेणात आणि गोठ्यात हात घालण्याआधी भेगा, कापलेलं, सुजलेलं नख आहे का ते पाहा. असेल तर त्या दिवशी गोठा दुसऱ्या कोणीतरी आवरावा. सारवायला रबरी हातमोजे घाला. चुलीवर भाकरी करणाऱ्यांनी तव्यावरची भाकरी चिमट्यानं उलटावी. चटक्याची सवय असलेल्या हाताला हे जड जाईल, पण भाजल्यावर येणारा फोडही तितकाच धोक्याचा.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना वेगळं सांगायला हवं, कारण बीड आणि आसपासच्या भागातून हजारो बायका दरवर्षी दिवाळीच्या सुमारास तोडीला निघतात. उपचारांनंतरच्या पहिल्या हंगामात कोयता आणि मोळी टाळता आली तर टाळाच. डोक्यावर मोळी चढवताना ताकद एकदम लागते. जाणं भागच असेल तर मुकादमाशी आधी बोलून मोळी उचलण्याऐवजी वाढं बांधण्याचं काम घ्या. सोबत डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं आणि जखमेचं मलम न्या. कारखान्याजवळचा दवाखाना कुठे आहे ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

वजन उचलूच नका, असा जुना सल्ला अजूनही दिला जातो. तो अर्धवट आहे. २००९ साली अमेरिकेत हाताला सूज असलेल्या १४१ महिलांवर झालेल्या अभ्यासात, हळूहळू वजन वाढवत आठवड्यातून दोनदा व्यायाम करणाऱ्यांची सूज वाढली नाही. उलट ती अचानक बळावण्याचे प्रसंग कमी झाले. त्या महिला व्यायामाच्या वेळी दाब देणारी बाही घालत होत्या आणि व्यायाम शिकवायला माणूस होता, हे मात्र विसरू नका. आपल्यासाठी याचा अर्थ असा: पाण्यानं भरलेली छोटी बाटली, मग मोठी, मग कळशी, असं आठवड्याआठवड्यानं वाढवत न्या. दुसऱ्या दिवशी हात जड वाटला तर एक पायरी खाली या. सहा महिने नुसतं बसून एकदम दोन हंडे उचलणं यात धोका आहे.

घरातल्या बाकीच्या गोष्टी थोडक्यात. रोज आंघोळीनंतर हाताला खोबरेल तेल किंवा साधं मलम चोळा, कातडी कोरडी पडू देऊ नका. नखं कापा, पण कडेची कातडी कुरतडू नका. बांगड्या सैल असाव्यात. लग्नकार्यात चुडा भरायचा असेल तर मोठ्या मापाचा भरा आणि रात्री काढून ठेवा. त्या हातावर नवं गोंदण नको. ब्लाउजची बाही आणि ब्राचा पट्टा रुतणारा नसावा. उन्हाळ्यात, दुपारी पारा चाळिशीपार असताना, रानातलं काम सकाळी लवकर उरका, कारण उष्णतेनंही सूज वाढते. एसटीच्या लांब प्रवासात हात लोंबकळत ठेवू नका, पिशवीवर टेकवा आणि मूठ हलवत राहा.

रक्तदाब मोजायला आणि सुई द्यायला दुसरा हात पुढे करा. अलीकडच्या अभ्यासांत एखाद्या सुईनं किंवा रक्तदाबाच्या पट्ट्यानं सूज येते असं ठोस दिसलेलं नाही. त्यामुळे तातडीच्या वेळी त्याच हाताला सुई लावावी लागली तर घाबरू नका, डॉक्टरांना अडवू नका.

वजन जास्त असेल तर कमी करणं हा औषधाइतकाच मोठा उपचार आहे. पाणी मात्र कमी पिऊ नका. डाळ, शेंगदाणे, अंडी कमी करू नका. प्रथिनं खाणं सोडल्यानं सूज उतरत नाही, अंगातली ताकद तेवढी जाते. मीठ बेतानं घ्या.

जे करायचं नाही

सूज दिसली की घरात आधी शेक सुरू होतो. गरम पाण्याची पिशवी, वाळूची पुरचुंडी, गरम तेलाची जोरदार मालिश. यातल्या कशानंही लसिका पुढे सरकत नाही. उष्णतेनं आणि रगडण्यानं तिथे रक्त जास्त येतं आणि पाणी आणखी झिरपतं. बिब्बा लावणं तर सरळ घातक आहे. त्यानं कातडी भाजते, फोड येतात आणि त्यातून जंतू शिरतात. डाग देणं, जळवा लावणं, सुई टोचून पाणी काढणं यांनाही ठाम नकार द्या. घरातल्या आजींना वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका, त्यांना प्रेमानं समजवा आणि खोबरेल तेल हळू हातानं लावायचं काम त्यांच्याकडे द्या.

मेडिकलमधून साधा क्रेप बँडेज आणून घट्ट गुंडाळणंही नको. तो विश्रांतीतही आवळत राहतो. दाब खाली कमी आणि वर जास्त झाला तर बोटं आणखी सुजतात.

उपचार: सूज आलीच तर

आधी डॉक्टरांकडून दोन गोष्टींची खात्री करून घ्या. सूज एकदम आली, हात दुखतो, निळसर झाला असेल तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, ते सोनोग्राफीच्या डॉपलर तपासणीत कळतं. आणि बगलेत किंवा गळ्याजवळ नवी गाठ, हाताला मुंग्या, वाढतं दुखणं असेल तर कर्करोग परतलेला नाही ना, हे पाहावं लागतं. या दोन्ही गोष्टी नाहीत हे ठरल्यावरच पुढचं.

उपचाराचे चार भाग असतात आणि ते एकत्र करायचे असतात: कातडीची काळजी, लसिका सरकवणारी हलकी मालिश, पट्ट्यांचा दाब आणि व्यायाम. पहिल्या टप्प्यात काही आठवडे जवळजवळ रोज जावं लागतं. प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट हाताला कापूस किंवा फोम लावून, बोटांपासून खांद्यापर्यंत, कमी ताणणाऱ्या खास पट्ट्यांचे थर बांधतात. खाली दाब जास्त, वर कमी. पट्ट्या बांधूनच व्यायाम करायचा, स्नायू त्या पट्टीवर दाबले गेले की लसिका पुढे जाते. बोटं निळी पडली, बधिर झाली किंवा दुखू लागली तर पट्टी लगेच सोडा.

मालिश इतकी हलकी असते की पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं काही केलंच नाही. फक्त कातडी सरकते, स्नायूला दाब लागत नाही. ती सुजलेल्या जागेपासून सुरू होत नाही, हे नीट समजून घ्या. आधी पोटातून चार-पाच खोल श्वास. मग निरोगी बाजूच्या बगलेत हळू गोल फिरवणं, मग छातीवरून त्या निरोगी बगलेकडे सरकवणं. पुढची वाट मोकळी झाली की सुजलेल्या हाताचा दंड, त्यानंतर कोपर, शेवटी पंजा, आणि प्रत्येक वेळी दिशा वर, खांद्याकडे. फिजिओथेरपिस्टनं दोन-तीनदा आपल्या हातावर करून दाखवल्याशिवाय घरी सुरू करू नका. ताप, लाली, गुठळी किंवा हृदयाचा गंभीर आजार असेल तर करूच नका.

हात उतरला की दुसरा टप्पा, तो कायमचा: दाब देणारी बाही. तिचं माप हात उतरल्यावरच, शक्यतो सकाळी घ्यायचं. सुजलेल्या हातावर माप घेतलेली बाही महिन्याभरात सैल होते आणि पैसे वाया जातात. पंजाही सुजत असेल तर पंजाचा भाग असलेली घ्या, नाहीतर सगळं पाणी बोटांत उतरतं. सकाळी उठल्याबरोबर घाला, झोपताना काढा. रोज साध्या साबणानं धुवा, सावलीत वाळवा. लवचिकपणा गेला की ती निव्वळ कापड उरते, म्हणून साधारण सहा महिन्यांनी बदलावी लागते. दोन घेतल्या तर आलटून पालटून वापरता येतात. वैशाखात ती नकोशी होते, हे खरं आहे. अशा वेळी बाही घातलेल्या हातावर पाण्याचा हलका फवारा मारला की गारवा येतो.

लसिकावाहिन्या बारीक शिरांना जोडण्याची आणि ग्रंथी दुसरीकडून आणून बसवण्याची ऑपरेशनंही मोठ्या शहरांत होतात. ती लवकरच्या टप्प्यात जास्त उपयोगी पडतात आणि त्यानंतरही बहुतेकींना बाही लागते. सूज जादूनं घालवण्याचं आश्वासन देणाऱ्या महागड्या गोळ्यांपासून मात्र दूर राहा.

ताप आणि लाली: त्याच दिवशी दवाखाना

हात अचानक लाल, गरम झाला, दुखायला लागला, थंडी वाजून ताप आला तर तो जंतुसंसर्ग आहे. रात्रभर थांबू नका. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जा आणि ‘बगलेतल्या ग्रंथी काढल्यात’ हे आधी सांगा. प्रतिजैविकाचा कोर्स पूर्ण करा, लाली गेली म्हणून मध्येच सोडू नका. या काळात मालिश, पट्टी, बाही सगळं बंद. हात उशीवर उंच ठेवा. दुखणं कमी झाल्यावर डॉक्टरांना विचारून बाही पुन्हा सुरू करा. असा ताप वर्षात दोन-तीनदा आला तर तो येऊ नये म्हणून दीर्घकाळ औषध देता येतं, त्याबद्दल विचारा.

पाय आणि मान

गर्भाशयमुखाच्या आणि गर्भाशयाच्या कर्करोगात ओटीपोटातल्या ग्रंथी काढल्या किंवा तिथे रेडिएशन दिलं तर पाय सुजतो. त्या पायानं अनवाणी रानात जाऊ नका. रोज साबणानं पाय धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. चिखल्या झाल्या असतील तर बुरशीचं मलम लावा आणि टाचेच्या भेगा भरून येईपर्यंत तेल किंवा मलम सोडू नका. पायाच्या सुजेत जंतू बहुधा याच वाटांनी शिरतात.

तोंडाच्या कर्करोगानंतर हनुवटीखाली आणि गळ्याला सूज येते, ती सकाळी जास्त असते. डोक्याखाली उंच उशी घेऊन झोपा. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर वाट न पाहता रुग्णालय गाठा.

कुठे जायचं

ज्या रुग्णालयात ऑपरेशन झालं तिथूनच सुरुवात करा, तुमची फाइल तिथे आहे. मराठवाड्यातले अनेक रुग्ण छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जातात. धाराशिव-लातूरकडचे बरेच जण बार्शीच्या कर्करोग रुग्णालयात. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा फक्त कर्करोगाच्या डॉक्टरांना भेटून परत येऊ नका, फिजिओथेरपी विभागाची चिठ्ठी मागून घ्या. लातूर आणि छत्रपती संभाजीनगरला फिजिओथेरपीची महाविद्यालयं आहेत, तिथल्या ओपीडीतही चौकशी करा. जिथे जाल तिथे एक प्रश्न जरूर विचारा: ‘लिम्फेडीमाची पट्टी बांधायचं प्रशिक्षण तुमच्याकडे कोणी घेतलंय का?’ महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून उपचार झाले असतील तर पट्टी आणि बाहीच्या खर्चाचं काय, हे आरोग्यमित्राच्या टेबलावर विचारा.

जाताना ऑपरेशनचा कागद, मापांचे आकडे आणि सैल बाहीचा ब्लाउज एवढं सोबत घ्या. घरातलं एक माणूसही न्या, कारण पट्टी बांधायला शिकणारे दोन हात तुमच्याव्यतिरिक्त आणखी कोणाचे तरी लागतात.